तुम्ही विचारलंत म्हणून : कासव कवचातून बाहेर येतं का?

मी प्राण्यांची शरीररचना शिकवते. सापाच्या विषाबद्दल लोक विचारतातच, पण सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न कासवाचा आहे. ‘कवच काढून ठेवून ते बाहेर येऊ शकतं का?’ मुलं मोठ्यानं विचारतात, त्यांचे आईबाबा मागाहून हळू आवाजात विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

नाही येत. आपल्याला आपल्या छातीच्या पिंजऱ्यातून बाहेर पडता येईल का? कासवाचंही तसंच आहे, कारण कवच म्हणजे त्याचा छातीचा पिंजराच.

मला हे पुस्तकातून पटलं नव्हतं. शिकत असताना कासवाचा सांगाडा पहिल्यांदा हातात आला, तेव्हा मी तो उलटा करून आत बोट फिरवलं. छताच्या मधोमध मणक्यांची रांग लागली आणि तिच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांचे उंचवटे. बरगड्या रुंद होत होत एकमेकींना भिडलेल्या, मणक्यांशी एकजीव झालेल्या. मी बराच वेळ बोट तिथेच ठेवून उभी होते.

या हाडांवर केराटिनच्या तकटांचा थर असतो. आपली नखं ज्याची बनतात तेच केराटिन. गवंडी भिंत रचताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसंच इथे आहे: वरच्या तकटांच्या रेषा आणि खालच्या हाडांचे सांधे बहुतेक ठिकाणी एकमेकांवर येत नाहीत. कवचाच्या मजबुतीत याचा मोठा वाटा आहे.

त्याहून नवलाची गोष्ट आतमध्ये आहे. तुमच्या खांद्याचं पातं पाठीकडून चाचपून बघा, ते बरगड्यांच्या बाहेर आहे. कासवाचं ते बरगड्यांच्या आत असतं. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांमध्ये ही मांडणी दुसऱ्या कोणाचीच नाही. अंड्यातल्या पिल्लात बरगड्या खाली पोटाकडे वळण्याऐवजी पाठीच्या त्वचेतून बाजूला पसरत जातात आणि खांदा त्यांच्या छपराखाली राहतो. चीनमध्ये सापडलेल्या ओडोन्टोकेलिस या सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाला पोटाचं कवच पूर्ण होतं, पाठीचं मात्र अजून झालेलं नव्हतं. त्या जीवाश्माचं वर्णन 2008 साली प्रसिद्ध झालं.

मग पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा: बरगड्या हलतच नसतील तर कासव श्वास कसा घेतं? त्याची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात आणि पायांच्या खोबणींजवळ स्नायूंचे पडदे असतात. एक स्नायू आतली पोकळी वाढवतो तेव्हा हवा आत येते, दुसरा ती आवळतो तेव्हा बाहेर जाते. म्हणजे आपल्याला फुकट मिळालेला उच्छ्वाससुद्धा कासवाला स्नायू वापरून करावा लागतो. कासवानं झटकन डोकं आत घेतलं की फुस्स असा आवाज येतो ना? लोकांना वाटतं, रागावलंय. मान आणि पाय आत आले, जागा कमी पडली, म्हणून फुप्फुसातली हवा बाहेर ढकलली गेली, इतकंच.

बरगड्यांच्या बाबतीत त्याची भावंडंही काही कमी नाहीत. नागाचा फणा म्हणजे मानेकडच्या बरगड्या पसरणं. उडत्या सरड्याचे पंख लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेले असतात. पाल-सरड्यांना मात्र बरगड्यांपायी वेगळीच अडचण सोसावी लागते. त्यांचं शरीर पळताना डावीकडे-उजवीकडे वळवळतं आणि तेच स्नायू श्वासालाही लागतात, त्यामुळे बहुतेकांना जोरात पळता पळता पुरेसा श्वास घेता येत नाही. थोडं पळायचं, थांबायचं. घोरपडीच्या कुळानं यावर गळ्याचा भाता वापरून मार्ग काढलाय.

कवचाचं एक काम तर बाहेरून दिसतच नाही. उत्तर अमेरिकेतली रंगीत कासवं गोठलेल्या तळ्याखाली, जवळजवळ प्राणवायू नसलेल्या थंड पाण्यात महिनोन्‌महिने तग धरतात. त्या काळात रक्तात साठणारं लॅक्टिक आम्ल त्यांना मारून टाकलं असतं. पण कवचाच्या हाडांतून कार्बोनेट रक्तात उतरतं आणि आम्लाचा जोर मोडतं. काही लॅक्टेट तर कवचातच साठवलं जातं.

हे सगळं मी इतकं लावून धरते, त्याला कारण आहे. एकदा कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी ओवलेलं कासव माझ्यासमोर आलं होतं. पळून जाऊ नये म्हणून बांधलं होतं. आणणारा माणूस निर्दय नव्हता. ‘नखासारखंच आहे ना ते?’ असं त्यानं मनापासून विचारलं. नखासारखा फक्त वरचा थर. त्याखाली जिवंत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत. भोक पडतं तेव्हा कासवाला दुखतं, पण ते ओरडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. तडकलेलं कवच भरून येतं, पण त्याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त.

त्या कासवाची दोरी कापली, जखम साफ केली. काही आठवड्यांनी मी त्याच्या पाठीवरून मऊ ब्रश फिरवला, तेव्हा त्यानं मागचे पाय ताणून कवच उचललं आणि ब्रशखाली डुलायला लागलं.