बाईंचा निळा पदर

आमच्या वेळी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे. कठीण शब्द आले की वहीचे पान मधोमध दुमडायचे, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि पाच-पाच वेळा लिहून काढायचे. १९८२च्या गिरणी संपानंतर परळच्या आमच्या चाळीत डिक्शनरी विकत घेणे कुणालाच परवडत नव्हते. शाळेच्या कपाटातली वीरकरांची, पुठ्ठा सुटलेली, मधल्या सुट्टीत मिळायची.

१९८४चा डिसेंबर, आम्ही नववीत. लोकसभेचा प्रचार जोरात होता. इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर ‘कँडिड’ लिहिले, तेवढ्यात खिडकीखालून जीप गेली.

“पांढरे कपडे कोणाचे होते रे?”

“उमेदवाराचे, बाई.”

मग बाईंनी खडू आडवा धरला आणि स्वतःच्या गडद निळ्या पदरावर सर्रकन ओढला. “रोममध्ये मते मागणारे आपला झगा असा खडूने पांढरा करून फिरायचे. लॅटिनमध्ये कँडिडस म्हणजे लख्ख पांढरा. म्हणून ते कँडिडेट. आणि ज्याचे मन तसे, तो कँडिड.” कँडल त्याच घरातली. आपला चंद्रसुद्धा, कारण संस्कृत आणि लॅटिन या बहिणी. चाळीस मुलांचा वर्ग, पण टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

हल्ली माझी भाची मोबाइलवर शब्दांच्या याद्या पाठ करते. तिच्या यादीत कँडिड आणि ब्लंट दोन्हींपुढे ‘स्पष्टवक्ता’ आहे. मनमोकळा माणूस आणि तोंडफटकळ माणूस एक कसे होतील? त्या पदरावरची रेघ पाहिलेल्याची ही गल्लत होणार नाही, असे मला मनापासून वाटते.

अकरावीत, कॉलेजात, मी भर वर्गात ‘एपिटोम’ म्हणालो. सगळे हसले, सरही. संध्याकाळी तडक शाळेत आलो. बाई पेपर तपासत होत्या. त्यांनी लाल पेन खाली ठेवले.

“आईचे केईएममध्ये कसले ऑपरेशन झाले होते?”

“अपेंडेक्टमी.”

“तोच शेवट इथे. इपिटमी. ग्रीकमध्ये ‘टोम’ म्हणजे कापणे. आईचे अपेंडिक्स कापून काढले. इपिटमी म्हणजे मजकुराला कात्री लावून उरलेले सार, आणि त्यावरून मूर्तिमंत उदाहरण. जो कापताच येत नाही, तो अ‍ॅटम.”

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात मी हात वर केला आणि तो शब्द पुन्हा वापरला.