फॉरमॅट मारायच्या आधी

‘ताई, कॉम्प्युटर लई स्लो झालाय. फॉरमॅट मारून टाकायचा का?’ लोकांच्या घरचे कॉम्प्युटर बघायचं काम मी करते, त्यामुळे जिन्यात, मंडईत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठून हे विचारतात. बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त ‘हो’ हवं असतं. मी सहसा नाही म्हणते. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून, का ते सविस्तर सांगते.

फॉरमॅटनं पुसलं जातं ते आतलं सॉफ्टवेअर आणि तुमच्या फाइली. पण सोलापुरात माझ्यासमोर जे बिघाड येतात, त्यातले कितीतरी सॉफ्टवेअरचे नसतातच. ते उन्हाचे आणि सुताचे असतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या वर जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी पंखासुद्धा गरम वारा फेकतो. त्यात शहराच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर अशी किती तरी घरं आहेत. टॉवेल-चादरीच्या सुताचे बारीक तंतू दिवसभर हवेत तरंगत असतात, आणि कॉम्प्युटरचा पंखा ते दिवसभर आत ओढत असतो.

मग होतं काय, तर प्रोसेसरवर, म्हणजे सगळं काम करणाऱ्या मुख्य चिपवर, धातूच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक असतो आणि त्यावर पंखा. त्या पट्ट्यांमधून वारा गेला तरच प्रोसेसर थंड राहतो. तंतू नेमके पंखा आणि पट्ट्या यांच्या मध्ये अडकतात. बाहेरून बघितलं तर पंखा मस्त फिरतोय, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. आत मात्र प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोचतो आणि स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्यानंही भागलं नाही तर मशीन आपोआप बंद पडतं. तुम्हाला जो ‘स्लो’ वाटतो तो बऱ्याचदा हाच. विंडोज नवीन टाकून ते तंतू तिथून हलणार कसे?

अशोक चौकाकडच्या एका घरात मुलीचं कॉलेजचं प्रोजेक्ट अडकलं होतं. सकाळी मशीन चांगलं चालायचं, दुपारी मात्र माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकायचा. दुसरीकडून आधीच फॉरमॅट करून आणलेलं, फरक शून्य. सकाळी ठीक आणि दुपारी बेजार, एवढं ऐकलं की मी आधी पेचकस मागते. पंख्याचे चार स्क्रू काढले, तर खाली नमद्यासारखा सलग थर. त्यात लाल, हिरवे, पिवळे धागे स्पष्ट दिसत होते, खाली ज्या रंगाचे टॉवेल निघत होते त्याच रंगांचे. चिमटीत धरून अख्खा थर एका तुकड्यात निघाला. नव्वदीच्या पुढं गेलेलं तापमान साठीत आलं. मुलीची आई म्हणाली, ‘एवढंच होतं व्हय?’ होय, तेवढंच होतं, पण ते पाहायला कुणी झाकण उघडलं नव्हतं.

डेस्कटॉप असेल तर ही सफाई तुम्हालाही जमते. मशीन बंद करा, मागची वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट गच्चीवर किंवा गॅलरीत न्या. रंगाचा नवा कोरा, मऊ ब्रश घ्या. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगानं फिरून खराब होतो. ओलं फडकं आत अजिबात घालायचं नाही. हीटसिंक मुळापासून उचललाच तर खालची जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडं नेणारा लेप, पुसून नवी लावावीच लागते, म्हणून सवय नसेल तर फक्त पंखा काढा. लॅपटॉप मात्र माहितगाराकडूनच उघडून घ्या. आणि तो गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या बंद होतात.

याहून सोपी गोष्ट रीस्टार्टची. ‘रोज रात्री बंद करतोच की’, असं लोक सांगतात. पण विंडोज १० आणि ११मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, म्हणजे कालचा गोंधळ आज पुन्हा हजर. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. प्रिंटर दिसत नाही, आवाज गेला, वायफाय लागत नाही, अशा वेळी आधी रीस्टार्ट करून बघा.

तारीख दर वेळी मागं जात असेल आणि ब्राउझर प्रत्येक वेबसाइट असुरक्षित म्हणत असेल, तर तो व्हायरस नव्हे. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा, तीन व्होल्टचा चपटा सेल, सीआर२०३२, संपलाय. तारीख चुकली की वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत ब्राउझरला जुळत नाही. स्क्रीन काळी आणि नुसतीच बीप-बीप असेल, तर बहुधा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, सैल झालेली असते. वायर काढून, आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून, ती काढा, सोनेरी पिना खोडरबरानं हलक्या पुसा आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा.

खरी काळजी मला हार्ड डिस्कची वाटते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काहीच काम चालू नसताना डिस्क तासन् तास १०० टक्क्यांवर असेल, फोल्डर उघडायला वेळ लागत असेल, आतून टक-टक ऐकू येत असेल, तर हात थांबवा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथं पिवळा किंवा लाल रंग दिसला, तर पहिलं काम फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्याचं. मरायला टेकलेल्या डिस्कवर नवं विंडोज लिहायला गेलात, तर उरलेलंही हातचं जातं. ‘फोटो डी ड्राइव्हमध्ये आहेत, काही होत नाही’, हा भरवसा तर मोडायलाच हवा. सी आणि डी हे बहुतेक घरी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. नुसता सी फॉरमॅट केला तर डी वाचेल, पण डिस्कच गेली तर दोन्ही गेले. बाळाच्या बारशाचे, वारलेल्या आजोबांचे फोटो असे गेलेले मी बघितलेत. त्या घरातल्यांना काय सांगायचं ते खरंच सुचत नाही.

डिस्क धडधाकट असून नुसती जुन्या पद्धतीची फिरती असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. जुन्या मशीनला यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही.

आणि फॉन्ट. पत्रिका छापणारे, अर्ज टाइप करून देणारे, पतसंस्थेतले लोक आजही युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडं सारखं दिसणाऱ्या मराठीच्या, आधीच्या फॉन्टमधल्या फाइली सांभाळून आहेत. फॉरमॅटनंतर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि लोक घाबरतात. फाइल शाबूत असते, फक्त तो फॉन्ट गेलेला असतो. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स फोल्डर आधी पेनड्राइव्हवर कॉपी केलंत, तर वर्षानुवर्षांचं काम वाचतं.

फॉरमॅट मीही करते. विंडोजच्याच फाइली बिघडल्यात आणि एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवूनही त्या दुरुस्त होत नाहीत, तेव्हा. व्हायरसनं घर केलंय, तेव्हा. मशीन दुसऱ्याला द्यायचंय, तेव्हा. विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. त्यामुळे ज्या मशीनवर ११ चालतं तिथं ते टाकायला, आणि ज्यावर चालत नाही तिथं विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स टाकायला हल्ली बरेच जण येतात. त्यांना मी आधी रिकामी एक्स्टर्नल डिस्क घेऊन या म्हणते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फॉन्ट, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड एवढं त्यावर उतरवायचं, त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायच्या, आणि मगच माझ्याकडं मशीन ठेवून जायचं.