घाणेरीच्या कामावरून माणूस जाताना: शेवटची फेरी

आमच्या भागात घाणेरी (रानात माजणारं लँटाना झुडूप, इकडे रायमुनियाही म्हणतात) काढायच्या कामावरचे करार ३१ मार्चला संपतात. नवा माणूस एप्रिल-मेमध्ये येतो, तेव्हा साफ केलेला जमिनीचा तुकडा बोडका दिसतो. बी मात्र मातीत असतंच, रोपं पावसाळ्यात वर येतात. जाणारा काही न दाखवता गेला तर ऑगस्टपर्यंत तो तुकडा पुन्हा दाटायला लागतो. म्हणून आमच्याकडे निरोपाची सुरुवात फेरीने होते, हारतुरे नंतर.

सकाळी साडेसहाला निघायचं. सोबत वनरक्षक, गावच्या समितीचा एक जण आणि कामावर राहणाऱ्या दोन बाया. नवा माणूस ठरला असेल तर तोही हवाच. पक्षी घाणेरीची फळं खाऊन जिथे बसतात, त्या झाडांखाली बी पडतं. अशा प्रत्येक झाडाच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढतो. पावसाळ्यात पहिली उपटणी तिथेच करायची. माती ओली असते, रोप हाताने मुळासकट येतं.

मग कुदळ नव्याच्या हातात द्यायची. झुडूप जमिनीवरून छाटलं तर खोडातून दुप्पट फुटवे येतात, हीच चूक सगळ्यात जास्त होते. बुंध्याजवळची माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. मातीला टेकली तर ती पुन्हा धरतात. जाणाऱ्याने एक काढून दाखवायचं, नव्याने निदान तीन काढायची.

रजिस्टरात ‘साफ’ हा शब्द आम्ही लिहू देत नाही, त्यातून काहीच कळत नाही. कोणत्या महिन्यात काढलं, रोपं किती वेळा उपटली, कुठे खुंट राहिले, मारवेल गवत कुठे पेरलं, हे लिहायचं. निघण्याआधी बूट आणि कुदळी तिथेच घासायच्या. गाजर गवताचं बी चिखलासोबत पुढच्या गावी पोचतं. रानतुळस या तणाचं बी तर ओलं झालं की बुळबुळीत होऊन चिकटतं.

जेवण रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. पण गोवऱ्या पेटवायच्या त्या गावातच. तुकड्यावर वाळलेल्या घाणेरीचे ढीग असतात, आणि मार्चमध्ये एका ठिणगीने आख्खं गवत जाईल. शाल-श्रीफळ जेवणाआधी, बायांच्या हातून. वर्षभर सोबत खपल्या त्या याच बाया, तो मान त्यांचाच आहे.

अनुभवाचा दाखला त्याच दिवशी हातात द्यायचा. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर पुढे काम मिळत नाही. किती हेक्टर, कोणती पद्धत, किती मजुरांची हजेरी सांभाळली, हे त्यात हवं. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरलीय ना, तेही तेव्हाच बघायचं. ती राहिली की पैसे काढताना अडकतं.

जाणाऱ्याला विचारून त्याचा फोन नंबर रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. जुलैमध्ये पहिली रोपं दिसली की फोटो काढून त्यालाच विचारायचं, ही घाणेरीच ना?