लाल टिकल्यांची भिंत : लंडनच्या समर एक्झिबिशनमधली मुद्राचित्रं

ग्रीन पार्क स्टेशनाबाहेर पडून पिकॅडिलीने चालत निघालं की डाव्या हाताला बर्लिंग्टन हाऊसची कमान लागते. आतल्या चौकात चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सचा पुतळा, आणि पायऱ्या चढल्या की रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचं दरवर्षी भरणारं समर एक्झिबिशन. १७६९ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. २०२० साली करोनामुळे उन्हाळ्याऐवजी शरदात गेलं, पण भरलं.

हजाराहून जास्त कलाकृती छताच्या दिशेने चढत गेलेल्या. सगळं बघायच्या फंदात पडू नका, पाय दुखतात आणि लक्षात काही राहत नाही. मी थेट मुद्राचित्रांकडे, म्हणजे ठशावरून किंवा पत्र्यावरून मोजक्या प्रतींत छापलेल्या चित्रांकडे वळलो. चित्राशेजारी फक्त क्रमांक असतो. नाव, माध्यम, किंमत आणि प्रतींची संख्या यादीत शोधायची. पेंटिंग विकलं की एक लाल टिकली लागते. एचिंगच्या (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राच्या) फ्रेमभोवती मात्र टिकल्यांची रांगच, कारण प्रत्येक टिकली म्हणजे विकली गेलेली एक प्रत.

मुद्राचित्र खालून वर बघावं. खालच्या कडेला पेन्सिलीने डावीकडे १२/७५ असं काही लिहिलेलं असतं, उजवीकडे सही. ७५ म्हणजे एकूण प्रती. १२ म्हणजे बारावी छापलेली असं मात्र नाही. सुकायला ठेवलेल्या कागदांचा क्रम कोण सांभाळतो! ‘ए/पी’ म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत, ती या ७५ मध्ये धरत नाहीत.

मग बाजूने तिरकं बघा. एचिंगमध्ये चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो, कारण ओलसर कागद पत्र्यासकट रोलरखालून दाबून काढलेला असतो. स्क्रीनप्रिंटची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून दाबून छापलेल्या चित्राची, शाई कागदावर थरासारखी बसते. लिथोग्राफ (सपाट दगडावर किंवा पत्र्यावर रेखाटून छापलेलं चित्र) सपाट. ड्रायपॉइंटची मखमली रेघ आम्लाशिवाय, पत्रा नुसत्या सुईने ओरखडताना उठलेल्या धातूच्या कडांमुळे येते. प्रेसखाली त्या लवकर झिजतात, म्हणून पत्र्यावर पोलादाचा मुलामा नसेल तर आवृत्ती, म्हणजे एकूण प्रतींची संख्या, छोटीच असते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका रिडक्शन लिनोकटपुढे. एकच लिनो (लिनोलियमचा मऊ तक्ता): कोरायचा, फिका रंग सगळ्या कागदांवर छापायचा, पुन्हा कोरायचा, त्यावर गडद रंग. शेवटी ठसा जवळजवळ संपलेला, त्यामुळे नंतर एकही प्रत वाढवता येत नाही. वीस हव्या असतील तर पंचवीस-तीस कागद घेऊन सुरुवात करावी लागते, कारण कागद केसभर सरकला तरी गडद रंगाच्या कडेला खालच्या फिक्या रंगाची रेघ डोकावते. इथे चित्रातल्या एका पानाच्या कडेला तशी रेघ होती. मला ती आवडली.

इंकजेट प्रिंटलाही, म्हणजे संगणकाच्या प्रिंटरवर छापलेल्या चित्रालाही, आकडा आणि सही असते. वाईट काही नाही, पण एचिंगच्या भावात घेताना यादीतलं माध्यम वाचा.

घ्यायचंच तर फ्रेमशिवाय घ्या. पातळ कागद रुंद नळीत सैल गुंडाळून येतो. शाईचा जाड थर किंवा खोल दाब असेल तर सपाटच आणावा, गुंडाळल्यावर शाई तडकते. मुंबई-कोकणच्या दमटात कागद काचेला टेकला की चिकटतो, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. आणि फ्रेमवाल्याला बजावून सांगा: सेलोटेप नको, चारी बाजू चिकटवणं नको. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला हलायला जागा लागते.