आत्या, सायडर आणि बांडगूळ

बर्मिंगहॅमला पाहुणे आले की त्यांना दाखवायचं काय, हा इथल्या प्रत्येक मराठी घरातला पेच आहे. लंडन बघून झालेलं असतं, लेक डिस्ट्रिक्ट लांब पडतं आणि डिसेंबरात चार वाजताच दिवेलागण. माझी आत्या वेंगुर्ल्याची, सत्तरीच्या पुढची, हापूसची कलमं आणि काजू अजून स्वतः बघणारी. राजवाडे, पूल, म्युझियमं सगळं तिने निमूटपणे पाहिलं आणि एका संध्याकाळी विचारलं, "गो, हंयसर झाडां खंय आसत?"

नवऱ्याला बरेच दिवस हेरेफर्डशरमध्ये एका शेतावर जायचं होतं. तिथे सफरचंदाची बाग आहे, सायडर म्हणजे सफरचंदाची दारू तिथेच काढतात, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचे वेल लावून बिअरही तिथेच करतात आणि जुन्या कोठारात बसून ती पिता येते. मी एका दगडात दोन पक्षी मारले. आत्याला फक्त 'बाग' एवढंच सांगितलं.

बर्मिंगहॅमहून लेडबरीपर्यंत थेट ट्रेन आहे, तासाभराहून थोडा जास्त वेळ. मॉल्व्हर्नचे डोंगर येतात, गाडी बोगद्यात शिरते, की आलंच. लेडबरीत लाकडी खांबांवर उभं असलेलं जुनं मार्केट हाउस बघितलं, फोटो काढले, गाव संपलं. पुढे शेतापर्यंत जायला टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही आणि टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवली असली तरी ती येईलच असं नाही. आमची चाळीस मिनिटांनी आली. वर ड्रायव्हरने "आज शनिवार ना" असं आम्हालाच ऐकवलं. ज्या जागी लोक दारू प्यायला जातात तिथे स्वतः गाडी चालवत जाऊ नये, हे सगळ्यांना पटतं, पण त्या लोकांनी जायचं कसं हे कोणी सांगत नाही.

शेतावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मालक आधी बाग दाखवणार, मग प्यायचं, असा बेत होता. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. आम्ही तिघं आणि आणखी एक जोडपं त्यांच्या दोन कुत्र्यांसकट. सुरुवातीला हॉप्सची जागा, पण डिसेंबरात तिथे उंच खांब आणि तारा एवढंच. वेल सप्टेंबरातच कापून झालेले. पूर्वी या तोडणीला वेल्समधून आणि बर्मिंगहॅमकडच्या कारखान्यांच्या गावांतून अख्खी कुटुंबं येऊन राहायची, आता मशीन आहे. आत्याने खांबांकडे बघून "मिऱ्येचे वेल सोडलेहत काय?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली.

मग बाग आली. मोठी, जुनी, पसरलेली झाडं, खाली गवत. पानं गळून गेलेली, त्यामुळे फांदी न फांदी उघडी. आणि त्या उघड्या फांद्यांवर जागोजाग हिरवेगार गोल झुबके. एकेका झाडावर सात-सात, आठ-आठ.

आत्या थांबली.

"ह्यां बांडगूळ मां?"

मी म्हटलं, हो, तसंच दिसतंय. तिने पुढच्या झाडाकडे बघितलं, त्याच्या पुढच्या झाडाकडे बघितलं. मग मालकाकडे असं बघितलं की त्या बिचाऱ्याला वाटलं काहीतरी दुखतंय हिचं. "ह्येंका कोयतो मिळाक नाय?" असं ती मला म्हणाली. हे भाषांतर करून सांगायची जबाबदारी माझ्यावर होती. मी शक्य तेवढं मवाळ केलं. आत्या आंब्याची बाग सांभाळते, तिथे हे झाड खातं म्हणून आम्ही कापून टाकतो, असं काहीसं.

आंब्याच्या बागेत लहानपण गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. बांडगूळ दिसलं की पावसाळा संपताच गडी वर चढवायचा. नुसतं ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या आत सरकलेली असतात, म्हणून ते जिथे धरलंय त्याच्या बरंच खालून फांदीच उतरवायची. फांदी गेली तर गेली. आणि इथे हा माणूस हसत हसत सांगत होता की ही बांडगुळं तो विकतो.

"इकता?"

विकतो. इथून उत्तरेला टेनबरी वेल्स म्हणून छोटं गाव आहे. नाताळच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, तिथे बांडगुळाचा लिलाव होतो, शंभराहून अधिक वर्षं होतोय. मोळ्या बांधून ओळीने मांडतात आणि व्यापारी बोली लावतात. नाताळात हे लोक घराच्या दारावर बांडगुळाची डहाळी टांगतात. का टांगतात, हेही आत्याने विचारलं. त्याखाली उभं राहिलं की मुका घ्यायची रीत आहे, असं मी चालता चालता, शक्य तितक्या पटकन सांगून टाकलं. आत्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा लांबच्या मेंढ्या बघू लागला.

इथून पुढचा अर्धा तास ही सहल आत्या आणि मालक यांची होती. बाकीचे आम्ही थंडीत पाय आपटत उभे. कुत्री कंटाळून घरी चला म्हणत होती.

हे बांडगूळ आमच्याकडचं नव्हे, जात वेगळी. आमच्या आंब्यावरच्याला लांबट नारिंगी फुलं येतात, याला मोत्याएवढी पांढरी फळं. पण चाल तीच. हिरवी पानं असल्याने अन्न स्वतः करतं, पाणी आणि क्षार मात्र झाडाकडून घेतं. फळातला गर इतका चिकट की पक्ष्याच्या चोचीला बी चिकटून बसतं, तो चोच फांदीवर घासतो, बी तिथेच रुजतं. आमच्याकडे हे काम फुलटोच्या करतो. इथे त्या जागी दुसरे पक्षी आहेत. आत्याने स्वतःची चोच असल्यासारखं बोट फांदीवर घासून दाखवलं आणि मालक मोठ्याने हसला. यासाठी माझी गरज लागली नाही.

मालकाने सांगितलेली एक गोष्ट मलाही नवीन होती. या बांडगुळात नर वेगळा, मादी वेगळी. पांढरी फळं फक्त मादीला, म्हणून विकली जाते तीच. लोक मादी कापून नेतात, नर तसाच ठेवतात आणि काही वर्षांनी बागेत नुसते नर माजतात. तेव्हा हा शहाणा मुद्दाम नर कापतो आणि प्रत्येक झाडावर मादीचे एक-दोन झुबके राखतो. सगळं काढलं तर लिलावाला काय नेणार, आणि सगळं ठेवलं तर झाड वाळणार. अशा जुन्या बागा आता या भागातही फार उरल्या नाहीत. विसाव्या शतकात बऱ्याच तोडल्या गेल्या आणि त्यांबरोबर म्हाताऱ्या खोडांच्या भुश्यात वाढणारे हिरवे भुंगेही कमी झाले. हे त्याने फार दुःखी होऊन वगैरे नाही सांगितलं. बागेतलं एक वाळकं खोड त्यासाठी ठेवलंय म्हणून दाखवलं. आत्याच्या मते ते जळणाला उत्तम होतं.

नंतर तिने एक काम केलं. कोपऱ्यात पाच-सहा वर्षांची नवी कलमं होती. त्यातल्या एकावर बोटाएवढं, दोन पानांचं बांडगूळ नुकतं फुटलेलं. मालकाला ते दिसलेलं नव्हतं. आत्याला वीस फुटांवरून दिसलं. त्याने खिशातून कात्री काढून पान खुडायला हात घातला, तर आत्याने त्याचं मनगट धरून वीतभर खाली नेलं. हंयसर. त्याने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, ती म्हणते इथून. त्याने फांदी तिथून कापली. कापल्यावर आतला हिरवा धागा लाकडात किती खोल उतरलाय हे तिने नखाने उकरून दाखवलं.

त्या वेळचा तिचा चेहरा बकिंगहॅम पॅलेसपुढे नव्हता, एवढंच सांगते. मालकाने मात्र सहलीचे पैसे तिघांचेही पूर्ण घेतले.

आता सायडर. बागेत खाली सफरचंदांचा सडा होता. पिवळी, लाल, डागाळलेली, लहान. मालकाने एक पुसून हातात दिलं. डॅबिनेट नावाची जात. चावा घेतला आणि तोंडातलं पाणीच गेलं, कच्च्या काजूच्या बोंडाने जसं होतं तसं. गोड आहे, पण जिभेला इतकं तुरट की दुसरा चावा घेववत नाही. सायडरला असलीच फळं लागतात. खायचं गोड सफरचंद वापरलं तर पेय पुळचट होतं, हा तुरटपणाच त्याला अंग देतो. फळ पिकून गवतावर पडू देतात, उरलेलं लांब आकडीने हलवून पाडतात, काही दिवस मऊ होऊ देतात, मग कुटून चोथा करून दाबतात. मेंढ्या वेचणीच्या सुमारे दोन महिने आधीच बाहेर काढलेल्या असतात, कारण सगळं फळ जमिनीवरूनच उचलायचं. रस उकळायचा नाही. फळाबरोबर आलेल्या यीस्टवरच तो थंडीभर हळूहळू आंबतो आणि वसंतात पिण्याजोगा होतो. चोथा गुरांना.

दाबखान्यात शिरलो तेव्हा शेवटची खेप चालू होती. आत्याने दारातच नाक वर केलं. "बोंडांचो वास."

अगदी तोच. आमच्याकडे एप्रिलमध्ये बी काढून घेतली की बोंडांचे ढीग काजूखाली कुजत पडतात आणि हा वास अख्ख्या वाडीत भरतो. पलीकडे गोव्यात त्याच बोंडांची हुर्राक आणि फेणी होते, फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. सिंधुदुर्गात बहुतेक बोंडं मातीत जातात. इथे वर्षाला ७,००० लिटरपर्यंत सायडर करणाऱ्या लहान शेतकऱ्याला सरकार त्यावरचा कर माफ करतं, हे मी आत्याला सांगितलं. ती काही बोलली नाही. दाबाखालून गळणाऱ्या रसाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग "आमच्या आमदाराक हंय आणूक व्हया" म्हणाली. हे मी भाषांतरित केलं नाही.

कोठारातला बार सुंदर आहे आणि गैरसोयीचा आहे. बाकांना पाठ नाही. वरचे हीटर डोकं भाजतात, पाय बर्फ. कुत्र्यांना आल्या आल्या पाण्याचं भांडं आणि बिस्किट मिळालं, आम्हाला मेन्यू मिळायला वीस मिनिटं लागली. शनिवार म्हणून आत्याला मांसमच्छी चालत नव्हती, तर शाकाहारी म्हणून होतं चीज-कांद्याची पेस्ट्री, तीही आतून थंड. गरम करून द्या म्हटल्यावर वेटर मुलीने जो श्वास सोडला तो मी विसरणार नाही. इंग्लंडमध्ये 'आमच्याकडे सगळं शेतातलं' असं लिहिलेल्या जागी खाण्याची अपेक्षा ठेवून जाऊच नये.

पिण्याचं मात्र काही म्हणता वावगं नाही. छोट्या ग्लासांत चार प्रकार घेतले. पहिला कोरडा, बुडबुडे नसलेला, गढूळ. सुपरमार्केटच्या गोड फसफसत्या सायडरची सवय असलेल्याला वाटेल बिघडलंय. तिथल्या बाटलीत कायद्याने ३५ टक्के सफरचंदाचा रस असला तरी तिला सायडर म्हणता येतं, इथे रसाशिवाय काही नाही, आणि हा फरक पहिल्या घोटात कळतो. दुसरा फॉक्सव्हेल्प जातीचा, कैरीला लाजवेल एवढा आंबट. तो मला सगळ्यांत आवडला. नवऱ्याला पेरी, म्हणजे नासपतीचं सायडर, आवडली. स्वतःच्या हॉप्सची बिअर त्याने शेवटी घेतली, "ठीक" म्हणाला आणि परत पेरी मागवली. आत्याने गरम सफरचंदाचा रस घेतला. फॉक्सव्हेल्पचा ग्लास नाकाशी नेऊन वास तेवढा घेतला, दोनदा.

भिंतीवर जुने फोटो होते, त्यात शेतमजूर हातात मातीचे बुधले घेऊन उभे. इथे मजुरीचा काही भाग सायडरमध्ये द्यायची पद्धत होती, १८८७ च्या कायद्याने ती बंद झाली. "गडी मग काम कसो करी?" हा आत्याचा प्रश्न मला रास्त वाटला.

निघताना मालकाने बांडगुळाची एक डहाळी कागदात बांधून आत्याच्या हातात दिली. काउंटरवर तीच तीन पौंडांना होती, तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. फळं विषारी असतात, लहान मुलांपासून जपा, असंही बजावलं. परतीची टॅक्सी वेळेवर आली, ट्रेन आली नाही, घरी पोचायला साडेनऊ झाले.

रात्री तिने वेंगुर्ल्याला चुलतभावाला फोन लावून बांडगुळाचा भाव सांगितला. त्याला वाटलं म्हातारीला थंडी बाधली. डहाळी काही विमानातून नेता येणार नव्हती, म्हणून ती आमच्याच स्वयंपाकघराच्या दारावर तिने स्वतः स्टुलावर चढून टांगली. आत्या असेपर्यंत नवरा त्या दाराने आला नाही. चहा हवा असला की मागच्या अंगणातून वळसा घालून यायचा.