माय३ आणि माय४

परवा मावशीने फोनवर विचारलं, "अगं, नेव्हीत गेलीस ना? मग बोटीवर कधी जाणार?" काय सांगू? अजून बोटीवर पाय ठेवलेला नाही. रोज गणवेश चढवून वही-पुस्तक घेऊन वर्गात बसते.

अमेरिकन नौदलात माझ्या कामाला सीटीआय म्हणतात. परक्या भाषेतलं बोलणं ऐकायचं आणि समजून घ्यायचं. पण आधी भाषा तर यायला हवी, म्हणून मी कॅलिफोर्नियात, मॉन्टरेच्या डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूटमध्ये चिनी शिकतेय. ६४ आठवड्यांचा कोर्स, त्यातला हा १९वा.

भरतीआधी डीएलॅब नावाची परीक्षा झाली, परकी भाषा शिकायची कुवत जोखणारी. तिच्यात एक बनावट भाषा कानावर घालतात, एक नियम सांगतात, मग त्यावर दुसरा चढवतात. ते जमलं. शब्दाचं शेपूट बदललं म्हणून मराठी माणूस दचकत नाही. पण कुठल्या शब्दाचा आघात (बोलताना अक्षरावर येणारा जोर) वेगळा आहे ते ओळखा म्हटल्यावर मी सपशेल आपटले. आपल्याकडे आघाताने अर्थ बदलतोच कुठे? चिनी-अरबीच्या गटाला ११० गुण लागतात, ते कसेबसे ओलांडले. मला अरबी हवी होती. पण भाषा नौदल देतं, आपण फक्त आवड सांगायची.

मग ग्रेट लेक्सच्या नौदल तळावरचं बूट कॅम्प, म्हणजे नव्या भरतीचं पहिलं प्रशिक्षण. त्याबद्दल एवढंच, की पहिली परकी भाषा मी तिथेच शिकले: जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, संडास म्हणजे हेड. आणि हे सगळं पक्क्या इमारतीत, जिला 'शिप' म्हणायचं!

खरी गंमत सिक्युरिटी क्लिअरन्सच्या, म्हणजे गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीच्या मुलाखतीत झाली. एसएफ-८६ फॉर्ममध्ये परदेशातल्या ज्या माणसांशी जवळचे संबंध आहेत, त्यांची माहिती द्यावी लागते. अधिकारी माझी यादी वाचत होते.

"हे अंकल कोण?"

"आईचे भाऊ."

"आणि हे?"

"बाबांचे भाऊ."

"आणि हे अंकल?"

"मावशीचे यजमान."

पेन थांबलं. "एकूण अंकल किती आहेत?"

"सख्खे, की चुलत धरून?"

मुलाखत लांबली हे सांगायला नकोच.

इथे दिवसाला सहा तास वर्ग, वर रात्रीचा दोन-तीन तास गृहपाठ. पहाटे धुक्यात पीटी करताना खाडीतले सी लायन भुंकत असतात. वर्गात आम्ही सहाच जण, त्यामुळे लपायला जागा नाही. बाईंना सगळे लाओशी म्हणतात, म्हणजे गुरुजी किंवा बाई, दोन्ही.

चिनीत 'माय' म्हणजे विकत घेणं आणि 'माय' म्हणजेच विकणं. आवाज खाली नेऊन वर आणला (हा तिसरा सूर) तर घेणं, वरून दाणकन आपटला (हा चौथा) तर विकणं. दुकानाच्या संवादात मी गिऱ्हाईक होते आणि पाच मिनिटं दुकानदारालाच सफरचंदं विकत होते.

उच्चारांत मात्र माझी चैन आहे. रोमन लिपीत 'बी' लिहिलेलं असलं की तो आपला प, आणि 'पी' म्हणजे फळातला फ (फॅनमधला नव्हे). 'जे' साधारण चारमधला च, 'झेड' चाऱ्यातला. बाकीच्यांना हे फरक नीट ऐकूही येत नाहीत, म्हणून मी सरळ देवनागरीत टिपणं काढायला लागले. फक्त सुरांच्या खुणा चिनी पद्धतीने डोक्यावर द्यायच्या.

तिथेच घोळ झाला. तिसऱ्या सुराची खूण चंद्रासारखी, चौथ्याची मात्रेसारखी. मागच्या गुरुवारी लाओशींनी उभं केलं आणि मी घाईत वहीतून वाचलं: "मॉय... मोय..."

लाओशी वहीत डोकावल्या. "चिनीत असे शब्द नाहीत," एवढंच म्हणाल्या.

आता शब्दापुढे आकडे घालते. माय३, माय४.