पाळणाघरातली हवा कोणाच्या खात्यात येते? माझा अनुभव

पाळणाघरातल्या बंद खोलीची हवा नक्की कोणतं खातं बघतं, हे इंदूरमध्ये मला अजून कोणीही सांगितलेलं नाही. त्याचा राग गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

लेकीचा खोकला आठवडाभर चालायचा आणि रविवारी घरी राहिली की बसायचा. डॉक्टरांनी आधी पाळणाघराची खोली बघून यायला सांगितलं. दुपारी मुलं झोपली की दारं-खिडक्या बंद, एसी सुरू, आणि पलंगाखाली डासांची कॉइल! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आणि लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

मी तक्रार करायचं ठरवलं आणि तिथेच अडकले. ऑनलाइन अर्जात ‘वायू प्रदूषण’ निवडलं की पुढे कारखाना, वाहनं आणि कचरा जाळणे, एवढेच पर्याय. खोली हा पर्यायच नाही, आणि काहीतरी निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. शेवटी कचरा निवडून खाली सगळं सविस्तर लिहिलं. ‘स्थल पर कचरा जलता नहीं पाया गया’ असा शेरा मारून तक्रार बंद!

मग प्रत्यक्ष गेले. एका कार्यालयात विचारलं, ‘‘आंगनवाडी है क्या? प्राइवेट है तो हमारा नहीं.’’ दुसरीकडे म्हणाले, ‘‘मॅडम, हम बाहर की हवा देखते हैं, कमरे की नहीं.’’ आपल्याकडची हवेच्या दर्जाची २००९ ची मानकं खरोखरच बाहेरच्या हवेसाठी आहेत, पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तीही बाहेरचीच. तिसऱ्या टेबलावर मात्र माझा तोल सुटला. ‘‘बच्ची भर्ती हुई थी क्या?’’ नाही म्हटल्यावर त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. लेकरू दवाखान्यात दाखल होईपर्यंत थांबायचं का? सलग स्वच्छतेत पहिलं येणारं शहर आपलं. आपली मुलं आठ-नऊ तास जिथे श्वास घेतात ती खोली कोणाच्याच रकान्यात बसू नये?

पाळणाघरात मात्र काम पटकन झालं. कार्बन डायऑक्साइडचा मीटर नेला. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतं. १००० च्या वर गेलं की खोलीत ताजी हवा कमी पडते आहे असं समजावं. दुपारच्या झोपेनंतर आकडा २३०० च्या पुढे होता. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आणत नाही, हे ताईंना माहीत नव्हतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आकडा उतरत गेला. त्यांनी स्वतःच कॉइल उचलून बाहेर टाकली. आता खिडक्यांना जाळ्या आहेत, वर एक्झॉस्ट आहे. खर्च पालकांनी वाटून घेतला. लेकीचा खोकला थांबला आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

मीटर घेताना एनडीआयआर सेन्सरचाच, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा घ्या. स्वस्तातले काही नुसता अंदाज दाखवतात. तोंडाजवळ धरू नका. आणि पाळणाघरात रंगकाम काढायचं असेल तर मोठ्या सुट्टीत काढायला सांगा, वास पूर्ण जाईपर्यंत मुलं पाठवू नका.

कार्यालयात मात्र माझ्यासारखं तोंडी विचारत फिरू नका. माहिती अधिकारात अर्ज करा. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनाच तो पाच दिवसांत पुढे पाठवावा लागतो. मी अर्ज टाकला आहे, त्यात एकच प्रश्न आहे: खाजगी पाळणाघरातल्या खोलीची हवा तपासण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची?